देवस्थान ट्रस्टच्या यादीत माझे वारलेले आजोबा अजून विश्वस्त आहेत, तक्रार नक्की कुठे करायची?

पारावरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा प्लीज. आमच्या गावच्या देवळाचा सार्वजनिक ट्रस्ट आहे, जुना, नोंदणी पन्नासच्या दशकातली, नंबर ए ने सुरू होतो. गेल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी जिल्ह्याला गेलो होतो तर सहज म्हणून धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढला. नऊ विश्वस्त. त्यातले पाच जण वारलेत, आणि त्यात चौथ्या नंबरवर माझे आजोबा, जे २००९ साली गेले. आणि आज गावात जे स्वतःला अध्यक्ष म्हणवतात, पावतीपुस्तकावर ज्यांची सही असते, त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नाही!

इथपर्यंत एकवेळ चाललं असतं, गावाकडे असंच असतं म्हणून सोडून दिलं असतं. पण देवळाची रस्त्याला लागून १४ गुंठे जागा आहे आणि तिथे आता गाळे काढायचं चाललंय, आणि कानावर असं आलंय की ते गाळे २९ वर्षांच्या कराराने अध्यक्षांच्या पुतण्याला द्यायचे. जाहिरात नाही, दवंडी नाही, सभा नाही. हिशोब विचारला तर "देवाच्या कामात हिशोब विचारतोस का" असं उलट ऐकायला मिळतं.

माझे प्रश्न असे की, मी विश्वस्त नाही, सभासदसुद्धा नाही, तर मला तक्रार करता येते का? कुठल्या कलमाखाली? आणि घरचे म्हणतात तक्रार केलीस तर सरकार देऊळ ताब्यात घेईल आणि गाव तुला शिव्या घालेल, हे कितपत खरं?

गप्पिष्ट

आजोबांनाच विचार ना, रेकॉर्डप्रमाणे तेच जिवंत विश्वस्त आहेत. (हलके घ्या.) वाखुसा (वाचनखूण साठवली), जाणकारांच्या प्रतीक्षेत.

काळाकोट_ताई

पारावरचा, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथेच निम्मे लोक घाबरून परत फिरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, म्हणजे पूर्वीचा बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अॅक्ट, त्यात कलम २(१०) मध्ये 'हितसंबंध असलेली व्यक्ती' कोण ते सांगितलंय. देवळाच्या बाबतीत जो तिथे पूजेला जातो किंवा ज्याला जायचा हक्क आहे, किंवा जो तिथल्या प्रसादाच्या वाटपात नेहमी असतो, तो. तुम्ही लहानपणापासून त्या देवळात जाताय ना? झालं. सभासद असायलाच हवं ही अट सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांच्या बाबतीत येते, तुमच्या देवळाला नाही.

आता गाळ्यांचं. इथे मात्र वेळ घालवू नका. कलम ३६ काढून वाचा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची, शेतजमीन असेल तर १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. २९ वर्षं म्हणजे परवानगीशिवाय तो करार वैध नाहीच. आणि परवानगी मागायची तर ट्रस्टचा ठराव लागतो, मूल्यांकनाचा अहवाल लागतो, हे का करायची गरज पडली ते लिहावं लागतं, आणि जाहिरात देऊन ऑफर्स मागवल्या का हे विचारलं जातंच. पुतण्या एकटाच ऑफर देणारा असेल तर ते तिथेच उघडं पडतं. परवानगी खोटं सांगून मिळवली असेल तर ती रद्दही करता येते.

एक सावधगिरी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर काही अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर परवानगी देता येते. म्हणजे "आता बांधून झालंय, लोकांचे पैसे अडकलेत" असा युक्तिवाद नंतर येऊ शकतो. म्हणून वीट रचायच्या आधी जा. त्यासाठी कलम ४१ ई आहे, मालमत्ता वाया जाण्याचा किंवा गैर मार्गाने हस्तांतर होण्याचा धोका असेल तर धर्मादाय आयुक्त मनाई हुकूम देऊ शकतात, पण त्याला किमान दोन हितसंबंधी व्यक्तींचा अर्ज लागतो, प्रतिज्ञापत्रासकट. एकट्याने जमणार नाही. दुसरा माणूस आत्तापासून शोधा, तो शेवटच्या दिवशी मिळत नाही.

आणि हो, त्या १४ गुंठ्यांचा सातबारा काढा. देवस्थान इनाम वर्ग ३ असं काही दिसलं तर महसूल खात्याचं वेगळंच प्रकरण आहे ते.

निवृत्त_लिपिक

चिरंजीव, आयुष्याची बरीच वर्षं अशाच फायलींत गेली म्हणून लिहितो. आजोबांचं नाव यादीत राहिलं यात तुम्हाला कट दिसत असेल, पण बहुतेक वेळा तो आळस असतो. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवीन निवडला, पत्ता बदलला, मिळकत वाढली, असा कुठलाही बदल झाला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो, परिशिष्ट तीनच्या नमुन्यात. लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. गावात माणूस गेला की तेरावा होतो, वारस नोंद होते, पण हा अर्ज द्यायचं कुणालाही आठवत नाही. मग दहा वर्षांनी बँकेत सहीचे अधिकार बदलायची वेळ आली, बँकेने उतारा मागितला की धावपळ सुरू.

दुसरा प्रकार भांडणाचा. दोन गट, दोन सभा, दोन अध्यक्ष, आणि एकाच तारखेच्या निवडीचे दोन बदल अर्ज. मग नोटिसा, हरकती, पुरावा, उलटतपास, सगळं अगदी दिवाणी कोर्टासारखं. पुढच्या निवडणुकीचा अर्ज आधीच्या अर्जावर अवलंबून, त्याच्या पुढचा त्याच्यावर, अशी माळच लागते. मी स्वतः अशी फाईल बांधलेली आहे की ज्यात अर्जदारही वारला होता आणि हरकतदारही, दोघांची मुलं तारखेला येऊन शेजारी बसायची आणि एकाच एसटीने परत जायची. २०१७ नंतर बदल तात्पुरता मंजूर करून हरकती मागवायची सोय झाली आहे, बिनविरोध अर्जांना त्याने बराच वेग आला. भांडणाच्या अर्जाला नाही.

एक गैरसमज काढून टाका. बदल अर्ज मंजूर नाही म्हणजे नवीन माणूस आपोआप तोतया ठरत नाही. निवड घटनेप्रमाणे झाली असेल तर ती निवड असते, नोंद मागाहून होते. म्हणून "यादीत नाव नाही" एवढ्यावर सगळा भर देऊ नका. निवड झाली का, कुठल्या सभेत, अजेंडा कुणाला गेला, इतिवृत्त कुठे आहे, हे विचारा. नक्कल अर्ज करा आणि अख्खी फाईल मागा. मूळ नोंदणी अर्ज, ट्रस्टची घटना किंवा योजना, सगळे बदल अर्ज, आणि गेल्या काही वर्षांची हिशोबपत्रके. एकट्या उताऱ्यावर भांडायला जाणारे फार पाहिले.

तुमचा नंबर ए चा आहे म्हणजे हिंदू धार्मिक न्यास. बी मुस्लिम, सी पारशी, डी इतर धर्माचे, ई मध्ये धर्माशी संबंध नसलेले धर्मादाय न्यास, एफ म्हणजे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था. कार्यालयात गेल्यावर खिडकीवर पहिला प्रश्न हाच येतो म्हणून सांगितलं.

ऑडिटवाला

लिपिक काकांना +१. मी हिशोबाच्या बाजूने सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त मसाला तिथे असतो आणि तक्रारदार तो वाचतच नाहीत, सरळ "भ्रष्टाचार झाला आहे तरी कारवाई व्हावी" असा एक पानी अर्ज खरडतात.

३१ मार्चला हिशोब बंद करायचे, ऑडिट करून घ्यायचं, ताळेबंद परिशिष्ट आठच्या नमुन्यात, उत्पन्न-खर्च नऊच्या नमुन्यात. हे ठीक. पण त्याच्यासोबत नियम १९ प्रमाणे ऑडिटरला एक प्रश्नोत्तरी भरावी लागते, ती बघा. रोकड शिल्लक जुळली का. कलम ३६ चा भंग करून मिळकत हस्तांतर झाली का. कलम ३५ सोडून भलतीकडे पैसे गुंतवले का. दुरुस्ती किंवा बांधकामाला ५००० रुपयांच्या वर खर्च असेल तर टेंडर मागवलं का (हो पाच हजार, आजच्या काळात पाच हजारांत देवळाचा कळससुद्धा धुऊन होत नाही, पण नियम तो आहे). विश्वस्तांची किमान-कमाल संख्या राखली का. सभा घटनेप्रमाणे झाल्या का. इतिवृत्त ठेवलंय का. कोणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का.

आता तुमच्याकडे नऊपैकी पाच वारलेत आणि ऑडिटरने 'विश्वस्तांची संख्या राखली: होय', 'सभा झाल्या: होय' असं लिहिलं असेल तर ते वाक्य तुमच्यासाठी सोनं आहे. आमच्याच धंद्यातले लोक मागच्या वर्षीची फाईल उघडून फक्त तारीख बदलतात, काय लपवायचं.

पुतण्याबद्दल अजून एक. ट्रस्टला इन्कम टॅक्सची सूट असेल तर विश्वस्ताच्या नातेवाइकाला ट्रस्टची जागा कमी भाड्याने देणं म्हणजे ती सूट धोक्यात घालणं आहे, आणि तिथे नातेवाईक या शब्दात भावाची मुलंही येतात. म्हणजे पुतण्याच्या गाळ्यापायी देवळाच्या दानपेटीवर टॅक्स. हे गावात समजावून सांगा, कलमांपेक्षा लवकर पटेल.

एक_वैतागलेला_विश्वस्त

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितोय. मी एका छोट्या ट्रस्टवर आहे, नाव सांगत नाही. पगार नाही, मानधन नाही, तारखेला जायचा खर्चसुद्धा आम्ही खिशातून करतो. ज्याला उत्सवात स्टेजवर खुर्ची मिळाली नाही तो दुसऱ्या दिवशी तक्रार करतो, आणि मग आम्ही दोन वर्षं खुलासे देत बसतो. पडकी खोली भाड्याने द्यायची परवानगी मागितली तर ती यायच्या आत भाडेकरू दुसरीकडे गेला. तुमच्या या कलमांमुळे सरळ माणूस ट्रस्टवर यायला तयार होत नाही आणि मग उरतात कोण, ज्यांना गाळे हवेत ते. पारावरचा, तुम्ही तक्रार जरूर करा, पण आधी एकदा लेखी पत्र देऊन हिशोब मागा, पोच घ्या. कदाचित समोरच्याला खरंच कायदा माहीत नसेल. आम्हालाही ते ९० दिवस माहीत नव्हते.

काळाकोट_ताई

विश्वस्त साहेब, तुमचं म्हणणं पटतं, विशेषतः शेवटचं. लेखी पत्र आधी द्यावंच. पण एक सांगते, परवानगीला उशीर लागतो म्हणून लोक जी पळवाट काढतात ती पण माहिती असू द्या. भाडेपट्टा म्हणायचंच नाही, लिव्ह अँड लायसन्स म्हणायचं, अकरा महिने किंवा तीन वर्षांच्या आतलं, आणि ते संपलं की परत, परत, परत. पुढे तो माणूस तिथे वीस वर्षं बसलेला असतो आणि कागदावर कलम ३६ ला धक्काही लागलेला नसतो. त्यामुळे पारावरचा, २९ वर्षं ही ऐकीव गोष्ट आहे तोवर अर्जात तीच एक मुदत धरून बसू नका. "हस्तांतर करण्याच्या बेतात आहेत" असं लिहा.

आता घरच्यांची भीती, सरकार देऊळ घेईल वगैरे. हे प्रत्येक गावात ऐकू येतं. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात याच कायद्याची चिरफाड केली होती. धार्मिक संस्थेच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने देखरेख ठेवता येईल, पण कारभार पूर्णपणे काढून घेऊन दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं, आणि खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त म्हणून नेमता येईल अशी जी तरतूद कलम ४४ मध्ये होती ती उडवली. पंढरपूर, सिद्धिविनायक, शिर्डी ही उदाहरणं लोक देतात ती वेगळी, तिथे विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केलेत, १९७३, १९८० आणि २००४ चे. तुमच्या तक्रारीने तसं काही होत नसतं.

होतं काय ते सांगते. ४१ बी खाली लेखी तक्रारीवर चौकशी लागू शकते, निरीक्षक येतो, दप्तर बघतो. त्या अहवालावरून किंवा थेट अर्जावर ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करता येतं, पण त्याला आरोप नीट मांडावे लागतात, हिशोब सातत्याने न देणं, आदेश मुद्दाम न पाळणं, पैशाचा अपहार असे. वारलेल्यांच्या जागी नवीन विश्वस्त नेमायचे तर कलम ४७. कारभाराची घडीच मोडली असेल तर ५० ए खाली योजना, म्हणजे विश्वस्त किती, कसे निवडायचे, सभा कधी, हे लिहून मिळतं. मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये आज ४१ ई आणि शांत झाल्यावर ५० ए. अध्यक्षांना हाकलायच्या मागे लागलात तर ते दहा वर्षं लढतील आणि तोवर गाळे उभे राहतील.

पारावरचा

सगळ्यांचे आभार, खरंच. अपडेट देतो.

विश्वस्त साहेबांचं ऐकून आधी पत्र दिलं. घेतलं नाही, मग रजिस्टरने पाठवलं, पोच आली, उत्तर नाही. तोवर लिपिक काकांनी सांगितल्याप्रमाणे नक्कल अर्ज केला होता, त्याची तारीख आली. सातबाऱ्यावर इनाम वगैरे काही नाही. कलम ३६ चा अर्ज फाईलमध्ये नाही. २०१४ चा एक बदल अर्ज आहे, तो चालवायला कोणी आलंच नाही म्हणून निकाली काढलेला. म्हणजे आळसच, काका बरोबर होते.

पण त्या अर्जाला २०१३ च्या एका सभेचं इतिवृत्त जोडलंय, जिथे म्हणे आत्ताचे अध्यक्ष एकमताने निवडले गेले. खाली हजर विश्वस्तांच्या सह्या. चौथ्या नंबरवर आजोबा. चार वर्षांपूर्वी वारलेले. आणि सही कशी, छान वळणदार, खाली दोन टिंबं देऊन रेघ ओढलेली. माझे आजोबा आयुष्यभर अंगठा लावायचे हो. घरातल्या प्रत्येक जुन्या कागदावर त्यांचा निळा अंगठा आहे. मी तिथेच बाकावर बसून राहिलो थोडा वेळ, शेजारच्या माणसाने पाणी दिलं.

ऑडिटवाला, तुमचा तो नियम १९ चा तक्ता पण मिळाला. 'सभा घटनेप्रमाणे झाल्या: होय.' सलग सहा वर्षं, तेच वाक्य, शुद्धलेखनाची चूक पण तीच.

गप्पिष्ट

पहिला प्रतिसाद मागे घेतो. सॉरी भाऊ.

काळाकोट_ताई

तो कागद कुठेही ग्रुपवर टाकू नका. प्रमाणित नक्कल आहे ना, साधी झेरॉक्स नाही ना, ते बघा. मृत्यूचा दाखला काढा, आणि आजोबांचा अंगठा असलेले दोन-तीन जुने कागद, शक्यतो नोंदणीकृत दस्त किंवा सोसायटीच्या कर्जाचे. अर्जात 'बनावट', 'चोर' असले शब्द नकोत. फक्त लिहा की अमुक तारखेला मृत्यू, अमुक तारखेच्या सभेत हजर दाखवलं आहे, सही जोडलेल्या कागदांशी जुळत नाही. वाचणाऱ्याला कळतं. फौजदारीचं नंतर बघू, आधी गाळ्यांवर मनाई मिळवा. दुसरा अर्जदार मिळाला का?

पारावरचा

मिळाला. मिळाल्या. मित्रांना विचारलं, सगळ्यांची काही ना काही अडचण, एकाचा भाऊ सोसायटीत, एकाला त्याच गाळ्यात दुकान टाकायचंय. शेवटी शेजारच्या काकू तयार झाल्या, त्या रोज पहाटे काकड्याला देवळात असतात, हार त्याच करतात, ताईंच्या त्या व्याख्येत त्यांच्याइतकं चपखल बसणारं गावात कोणी नसेल. मी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, त्यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. मग एवढंच विचारलं की तारीख सकाळची असते का दुपारची, कारण सकाळची असली तर त्या दिवशी हार कोण करणार.

निवृत्त_लिपिक

सकाळची. पण पुकारा व्हायला दुपार होते. हार करून या म्हणावं.